लायसनची सही भाड्याने घेतली की काय होते: विजेची कामे, विनापरवाना ठेकेदार आणि चौकशीतली आडकाठी

घराचा स्लॅब पडला, गिलावा झाला, फिटिंगही झाले. आता महावितरणकडे मीटरसाठी अर्ज करायचा, तर टेस्ट रिपोर्ट, म्हणजे फिटिंग तपासल्याचा कागद लागतो. फिटिंग करणारा गावातलाच. हात चांगला, पण लायसन नाही. तो म्हणतो, "काळजी करू नका, सही आणून देतो." दोन दिवसांत सही-शिक्क्याचा कागद येतो, त्यावर मेगरचे, म्हणजे तारांचे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचे आकडेही असतात. ज्याने सही केली त्याने घराचा उंबरठा पाहिलेला नसतो. सातारा-सांगलीत घर, गाळा, शेतपंप किंवा यंत्रमागाचा शेड उभारणाऱ्या बहुतेकांना हा प्रकार ठाऊक आहे आणि तो किरकोळ समजला जातो. तो किरकोळ नाही. त्यात कायद्याने कोण कुठे अडकतो, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला अडवले तर काय होते आणि खरी चाचणी कशी ओळखायची, ते इथे पाहू.

तीन कागद, तीन माणसे

लोक सरसकट "लायसनवाला" म्हणतात, पण वीजकामात तीन वेगळे अधिकार आहेत. प्रत्यक्ष तार ओढणारा, बोर्ड जोडणारा तो वायरमन, सरकारी भाषेत तारतंत्री. त्याच्याकडे परमिट हवे. कामावर देखरेख करतो तो पर्यवेक्षक, म्हणजे सुपरवायझर. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवे. आणि काम अंगावर घेतो, बिल करतो, रिपोर्ट देतो तो विद्युत ठेकेदार, त्याच्याकडे ठेकेदारीचा परवाना हवा. राज्यात हे सगळे मुख्य विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेतल्या परवाना मंडळामार्फत चालते आणि जिल्ह्याच्या पातळीवर विद्युत निरीक्षकाचे कार्यालय असते.

वायरमनचे परमिट खिशात आहे म्हणून ठेका घेता येत नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे तर परमिटही नव्हे. इथे सर्वांत जास्त गल्लत होते. मुलगा आयटीआय झाला, चार वर्षे एका ठेकेदाराच्या हाताखाली काम केले, मग स्वतःचे कार्ड छापले. हाताला कसब असेल, पण कायद्याच्या नजरेत तो ठेकेदार नाही.

नियम जुनाच आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत नियम 45 होता. त्याची जागा 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि आता 2023 चे विनियम आहेत. गाभा तोच राहिला: ग्राहकाच्या जागेत नवे वीजकाम, वाढीव काम, फेरबदल, दुरुस्ती, जुळवणी हे सगळे परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली आणि परमिटधारक माणसांकडूनच करून घ्यायचे.

मग बल्ब बदलायलाही ठेकेदार बोलवायचा का? नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलणे यातून वगळले आहे. अट एकच: त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जळालेला 6 अँपिअरचा स्विच काढून तसाच दुसरा बसवला, हरकत नाही. त्याच बोर्डावर 16 अँपिअरचे सॉकेट बसवून मागच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर गिझर चालवला, तर क्षमता बदलली. वरच्या मजल्यासाठी खालच्या मेन स्विचमधून तार काढली, तर स्वरूप बदलले. ही दोन्ही कामे "किरकोळ" म्हणून होतात आणि भिंतीतल्या तारा वितळतात त्या अशाच कामांत.

शिक्षा कोणाला, किती

पहिला परिणाम तुरुंग-दंडाचा नाही, पुरवठ्याचा आहे. विनियम सांगतात की या नियमाविरुद्ध केलेले काम वीजपुरवठ्याला जोडायचेच नाही, चालूच करायचे नाही. म्हणजे काम विनापरवाना झाल्याचे उघड झाले तर महावितरण जोडणी नाकारू शकते. घरमालकाला भिंती फोडून, परवानाधारकाकडून तपासून, प्रसंगी पुन्हा फिटिंग करून घ्यावे लागते. वाचवलेले पैसे तिथे दुपटीने जातात.

शिक्षेची बाजू वीज कायदा, 2003 मध्ये आहे. कलम 146 ची 2003 ची मूळ शब्दरचना अशी आहे की कायद्याचा, त्याखालच्या नियमांचा किंवा विनियमांचा भंग करणाऱ्याला, तसा प्रयत्न करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्यालाही प्रत्येक गुन्ह्यासाठी 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या दोषसिद्धीनंतरही भंग चालूच ठेवला तर दर दिवसाला 5,000 रुपयांपर्यंत वाढीव दंड. शिक्षेच्या कलमांत संसदेत दुरुस्त्या होत असतात. म्हणून नोटीस आली तर तिच्यात लिहिलेले कलम त्या दिवशीच्या चालू प्रतीत वकिलाकडून वाचून घ्यावे, ऐकीव आकड्यावर जाऊ नये.

त्या वाक्यातला "साथ देणारा" हा शब्द घरमालकांनी दोनदा वाचावा. काम विनापरवाना माणसाने केले, सही दुसऱ्याची आणली आणि हे माहीत असून मालकाने रिपोर्टवर ग्राहक म्हणून सही ठोकली, तर "मला त्यातले काही कळत नाही" हे म्हणणे टिकवणे अवघड जाते. काम करणारा, सही विकणारा आणि ती विकत घेणारा हे तिघे एकाच कागदावर असतात.

काम कंपनीच्या नावावर असेल, समजा कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे, तर कलम 149 प्रमाणे त्या वेळी कारभाराला जबाबदार असलेली व्यक्तीही दोषी धरली जाते. आपल्या नकळत झाले किंवा आपण ते टाळायला पुरेपूर काळजी घेतली होती, हे तिने स्वतः सिद्ध करायचे असते. "ते मेंटेनन्सवाला बघतो" एवढे पुरत नाही.

तक्रार कोणीही उठून थेट न्यायालयात करू शकत नाही. कलम 151 प्रमाणे ती सरकार, वीज आयोग किंवा त्यांचे अधिकृत अधिकारी, मुख्य विद्युत निरीक्षक, विद्युत निरीक्षक, किंवा वीज देणारी कंपनी यांच्याकडून लेखी यावी लागते. शेजाऱ्याला, भाडेकरूला किंवा ग्राहकाला तक्रार असेल तर त्याने ती विद्युत निरीक्षकाकडे लेखी द्यावी. कामाचा पत्ता, ठेकेदाराचे नाव, बिलाची किंवा पैसे दिल्याची नोंद, फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्याचा माग राहत नाही.

परवाना असलेल्यांसाठी आणखी एक कलम आहे, ते ठेकेदारांनाच कमी माहीत असते. कलम 150 च्या पोटकलम 3 मध्ये म्हटले आहे की ठेकेदार, पर्यवेक्षक किंवा कामगाराने वीजचोरीला साथ दिली आणि तो त्यात दोषी ठरला, तर त्याचा परवाना, प्रमाणपत्र किंवा परमिट रद्द होऊ शकते. आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, पण पोटाचा धंदा जातो. मीटरच्या आधीच जोड मारून देणारा "ओळखीचा" वायरमन चार-पाचशे रुपयांसाठी आयुष्यभराचा कागद पणाला लावत असतो.

अपघात झाला तर मात्र प्रकरण वीज कायद्यापुरते राहत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यासाठी कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जीव गेला नाही पण गंभीर इजा झाली तर कलम 125 खाली 3 वर्षांपर्यंत. खोटा रिपोर्ट अशा प्रकरणात पहिला पुरावा होतो. त्यावर इन्सुलेशनचा (तारेच्या आवरणाचा) रोध "50 मेगाओहम" लिहिलेला आणि भिंतीतली तार सोललेली सापडली, तर सही करणाऱ्याला उत्तर उरत नाही.

खरी चाचणी झाली की नाही, हे घरमालकाला कसे कळेल

कोणाकडे लायसन आहे एवढ्यावर थांबू नये. लायसन असूनही चाचणी न करता सही करणारे असतातच. चाचणी होताना उभे राहावे. घरगुती कामाला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.

मेगर म्हणजे इन्सुलेशन टेस्टर. चाचणीआधी मेन स्विच बंद. सगळे दिवे, ट्यूब, पंख्यांचे रेग्युलेटर, टीव्ही, इन्व्हर्टर सुटे करायचे आणि स्विच मात्र सगळे चालू स्थितीत ठेवायचे. एलईडी दिवा जागेवर राहिला तर आकडा खोटा कमी येतो, शिवाय 500 व्होल्टने दिवा जाऊ शकतो. नवखा माणूस इथेच पकडला जातो. तो घाईत दिवे न काढता मेगर लावतो, आकडा पडलेला दिसतो आणि मग तो "मशीनच बरोबर नाही" म्हणतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये 500 व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचे. किमान 1 मेगाओहम आले पाहिजे. नव्या, कोरड्या फिटिंगला याच्या कितीतरी पट येते. नव्या घरात आकडा दीड-दोनवरच अडकला तर तार कुठेतरी पाइपच्या तोंडाला घासली आहे, किंवा गिलाव्याचे पाणी पाइपात उतरले आहे. पावसाळ्यात गिलावा झालेल्या घरांत हे नेहमी सापडते. पंधरा दिवस थांबून पुन्हा चाचणी घ्यायची, आकडा हाताने वाढवून लिहायचा नाही.

अर्थिंगची गोष्ट जरा खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक जमिनीखाली होते. पाइप अर्थिंगसाठी साधारण 40 मिलिमीटर आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाइप उभा पुरतात. प्लेट असेल तर 60 बाय 60 सेंटिमीटरची, जीआयला 6.3 मिलिमीटर जाड, वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. प्रत्यक्षात फुटभर खड्ड्यात अर्धा पाइप घालून वर सिमेंटचे झाकण बसवलेले सापडते. झाकण सुंदर असते.

सांगली, मिरज, वाळव्याकडच्या काळ्या जमिनीत अर्थिंग पावसाळ्यात छान लागते आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की पाइपाभोवती पोकळी पडते. माण-खटावकडे मुरूम आणि खडक लवकर लागतो, तिथे एका पाइपने भागत नाही, दोन-तीन पाइप लांब अंतरावर पुरून जोडावे लागतात. म्हणून ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा मे महिन्यात खरा राहीलच असे नाही.

मोजताना अर्थ टेस्टर लागतो. घराची अर्थिंग सुटी करून, एक खिळा लांब आणि दुसरा मधे ठोकतात. लांबच्या अंतराच्या साधारण 62 टक्क्यांवर मधला. लांबचा 30 मीटरवर असेल तर मधला 18-19 मीटरवर. मल्टिमीटरने "अर्थिंग बघितली" म्हणणाऱ्याने अर्थिंग बघितलेली नसते. फेज आणि अर्थच्या मधे 230 व्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर एवढेच सांगतो की तार कुठेतरी जमिनीला टेकली आहे. दोष आल्यावर ती जमीन किती प्रवाह वाहून नेईल, हे त्यातून कळत नाही.

याचा हिशेब साधा आहे. समजा अर्थिंगचा रोध 20 ओहम आहे. फ्रिजच्या बॉडीला फेज लागली. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सॉकेटच्या सर्किटवर 16 अँपिअरचा एमसीबी (ठरलेल्याहून जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) असेल तर तो पडणारच नाही, म्हणजे बंद होणारच नाही. त्याच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड आहे. बॉडीवर वीज तशीच राहते आणि मूल ओल्या पायाने हँडल धरते. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो एवढ्यावर क्षणात पडतो. म्हणून "एमसीबी बसवलेत की, आता काय पाहिजे" हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. पण ते बटण आरसीसीबीचे यंत्र तपासते, अर्थिंग तपासत नाही. अर्थिंग तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडतो.

आणखी एक चूक, अगदी नेहमीची आणि जीवघेणी. बॉडीला शॉक बसतो म्हणून बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून टाकतात. शॉक थांबतो, गिऱ्हाईक खूश. मग एखाद्या वादळात खांबावरची न्यूट्रल तुटते आणि घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर 230 व्होल्ट येतात: वॉशिंग मशीन, गिझर, पंपाचा पाइप, सगळे. विनापरवाना कामाच्या शिक्षेचे कलम का आहे, याचे उत्तर त्या एका तुकडाभर तारेत आहे.

काम देण्यापूर्वी ठेकेदाराचा मूळ परवाना बघावा, झेरॉक्स नव्हे. नाव, क्रमांक, मुदत. पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि कामावर येणाऱ्यांची परमिटे. शंका असेल तर क्रमांक घेऊन विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात विचारावे. बिलावर परवाना क्रमांक घालून घ्यावा. बिल द्यायला जो कां-कूं करतो, त्याला टेस्ट रिपोर्टच्या दिवशीही शोधावे लागते. रिपोर्टवर सही करण्याआधी त्यातले आकडे आपल्या वहीत उतरून घ्यावेत आणि चाचणीच्या वेळच्या मेगरचा फोटो ठेवावा. गणपतीच्या मंडपासाठी, जत्रेच्या पाळण्यासाठी घेतलेली तात्पुरती जोडणीही याला अपवाद नाही. तिथे तर उघड्यावरचे जोड, पाऊस आणि लोखंडी सांगाडा हे तिन्ही एकत्र येतात.

निरीक्षक दारात आले तर

इथे लोक घाबरून अशा गोष्टी करतात की मूळ चूक लहान आणि नंतरचा गुन्हा मोठा होतो.

आलेल्या माणसाचे ओळखपत्र विचारणे हा अडथळा नाही, तो तुमचा हक्क आहे. ओळखपत्रावरचे नाव आणि वेळ लिहून घ्या. "मालक बाहेर आहेत, फोन लावतो, दहा मिनिटे थांबा" हाही अडथळा नाही. दाराला कुलूप लावून मागच्या बाजूने बोर्ड उतरवणे, मेन स्विचमधला जोड घाईने काढणे, रजिस्टर लपवणे, कामगारांना "काही बोलू नका" म्हणून दम देणे, हा अडथळा आहे.

न्याय संहितेचे कलम 221: लोकसेवकाला त्याच्या कामात मुद्दाम अडवले तर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंगावर जाणे, ढकलणे, हात उगारणे झाले की कलम 132 येते आणि कैद 2 वर्षांपर्यंत जाते. कागद द्यायला कायद्याने बांधील असून मुद्दाम दिला नाही तर कलम 210 खाली 1 महिन्यापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटा कागद तयार केला तर बनावट दस्तऐवजाची कलमे लागतात, ती याहून कितीतरी जड आहेत. जुन्या तारखेचा टेस्ट रिपोर्ट रातोरात बनवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नये. 2003 च्या मूळ कलमात विनापरवाना कामाची शिक्षा महिन्यांत मोजलेली आहे, बनावट कागदाची वर्षांत मोजली जाते.

मागितलेला कागद हाताशी नसेल तर तसे लेखी द्यावे: "अमुक रिपोर्ट ठेकेदाराकडे आहे, सात दिवसांत सादर करतो." मूळ कागद नेत असतील तर यादी करून पोच घ्यावी. पंचनामा वाचून मगच सही करावी. मजकूर पटत नसेल तर सहीजवळच आपले म्हणणे एका ओळीत लिहावे. सही करायचीच नाही म्हणून भांडण्यापेक्षा हे बरे. आणि आरोप आपल्यावरच येत असेल तर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ने आरोपीला ते संरक्षण दिले आहे. पण गप्प राहणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. पहिल्याला संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही.

प्रकरण "मिटवून" घ्यायला पैसे देऊ केले तर 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, 7 वर्षांपर्यंत. कोणी सक्तीने मागितले म्हणून द्यावे लागले असेल तर 7 दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा वाचवतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

शॉक लागून माणूस गेला किंवा जखमी झाला, तर

आधी मेन बंद, मग माणूस सोडवणे, मग 108. हे झाल्यावर मात्र जागेला हात लावू नये. घटनेनंतर तासाभरात तुटलेली तार बदलली जाते, स्टार्टरची पेटी पुसली जाते, एक्स्टेंशन बोर्ड जाळला जातो. बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो, घरच्यांना ती वस्तू डोळ्यांसमोर नको असते. पण पुरावा नाहीसा करणे हे कलम 238 खाली स्वतंत्र गुन्ह्यात जाऊ शकते आणि मृताच्या घरच्यांना भरपाई मिळण्याचा मार्गही त्याच बोर्डाबरोबर जळतो. दोष महावितरणच्या लाइनचा होता की घरातल्या फिटिंगचा, हे सांगणारी वस्तूच उरत नाही. जागेला दोरी बांधा, चारही बाजूंनी फोटो काढा, कुलूप लावा.

वीज कायद्याच्या कलम 161 आणि 2005 च्या अपघात सूचना नियमांप्रमाणे प्राणांतिक अपघात कळल्यापासून 24 तासांत विद्युत निरीक्षकाला कळवायचे आणि ठरलेल्या नमुन्यात सविस्तर अहवाल 48 तासांत द्यायचा. त्यानंतर चौकशी करणाऱ्या निरीक्षकाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद व वस्तू हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. त्याने मागितलेली माहिती द्यायला माणूस कायद्याने बांधील आहे. ते टाळले तर न्याय संहितेच्या कलम 211 ची शिक्षा. म्हणजे "आम्हाला समन्स नको, आम्ही गरीब माणसे" म्हणून न जाणे हा पर्याय नाही. गेल्यावर जे पाहिले तेवढेच सांगावे, अंदाज सांगू नये.

पुरानंतरचे फिटिंग

सांगलीकरांसाठी हे वेगळे लिहायला हवे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांपुढे गेली, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरले की गल्लोगल्ली वायरमनची मागणी इतकी वाढते की टेस्टर हातात असलेला प्रत्येक जण ठेकेदार होतो. विनापरवाना काम सर्वांत जास्त तेव्हाच होते.

पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, मेन स्विच आणि सॉकेट सुकवून पुन्हा वापरू नयेत. वरून कोरडे दिसले तरी आत गाळ बसलेला असतो. एमसीबीची आतली यंत्रणा अडकते आणि गरज पडेल तेव्हा तो पडत नाही. तारा पाइपात राहू शकतात, पण चाचणीनंतरच. प्रत्येक सर्किट सुटे करून वेगळा मेगर घ्यायचा. सगळे एकत्र घेतले तर एका ओल्या सर्किटमुळे पूर्ण घर खराब दिसते, नाहीतर उलट, घाईत सगळेच पास होते. आकडा 1 मेगाओहमच्या खाली असलेले सर्किट बंद ठेवायचे आणि बाकी घर चालू करायचे. पाइपातले पाणी उतरायला पंधरा दिवस ते महिना लागतो. भिंत वरून सुकली तरी पाइपाच्या वळणात पाणी साचलेले असते. पुन्हा चाचणी, पुन्हा नोंद.

आणि ही नोंद परवानाधारकाच्या सही-शिक्क्याने, सर्किटवार आकड्यांसह, तारीख घालून घ्यावी. "सर्व ठीक" असा शेरा घेऊ नये. पुढच्या महिन्यात त्याच भिंतीला कोणाला झटका बसला तर निरीक्षक पहिल्यांदा तोच कागद मागतील. त्यावर स्वयंपाकघराच्या सर्किटसमोर "0.3, बंद ठेवले" असे लिहिलेले असेल, तर काम कोणी केले, कधी केले आणि मालकाला काय सांगितले होते, हे तिथल्या तिथे दिसते.